तुमचा सर्व्हिसचा धंदा विकला तर किती येतील? नवीन लोकांसाठी, एका एसी-आरओवाल्याकडून

चार वर्षांपूर्वी एक जण माझ्या चिंचवडच्या गाळ्यावर आला, चहा झाला आणि सरळ विचारलं, "दादा, धंदा द्यायचाय असं ऐकलं, किती घेणार?" तेव्हा मी गुडघ्याच्या दुखण्यानं वैतागलेलो, गच्चीवर शिडी लावून आउटडोर युनिट धुणं जमेना, म्हणलं हो द्यायचाय, वीस लाख. आकडा कुठून आला म्हणाल तर कुठूनच नाही, पोराची इंजिनिअरिंगची फी आणि घराचं उरलेलं कर्ज मिळून तेवढे लागत होते. तो हसला वगैरे नाही, शांतपणे म्हणाला गिऱ्हाइकांची यादी दाखवा. मी मोबाइल पुढं केला. त्यात काय होतं, "आरओ काकू निळी बिल्डिंग", "एसी सर निगडी दुसरा मजला", "गळती पेट्रोल पंपामागे", असे अकराशे नंबर. त्यानं थोडं वरखाली केलं, चहा संपवला आणि गेला तो गेलाच.

त्या दिवशी डोक्यात पक्कं बसलं की गल्ला रोज भरतोय म्हणून धंद्याला किंमत आहे असं काही नसतं. घेणारा फक्त एकच बघतो, हा माणूस उद्यापासून आला नाही तर इथं काय उरतं. आणि विकायचा विचार नसला तरी हे कळलेलं बरं, कारण पार्टनर घ्यायचा असो, बँकेत लोन मागायचं असो, पोराच्या हातात द्यायचं असो नाहीतर आजारपणात महिनाभर बंद ठेवायची वेळ येवो, प्रश्न तोच येतो. मी एसी आणि आरओच्या लायनीतला आहे म्हणून उदाहरणं तिथलीच देतोय, पण पेस्ट कंट्रोल, टाकी सफाई, लिफ्ट मेंटेनन्स, घरकामाची एजन्सी, सगळीकडं थोड्याफार फरकानं हेच.

पायरी १. आधी खरा नफा काढा, खिशातला नाही

तो माणूस गेल्यावर मी तीन रविवार घालवले. वर्षभराचं बँक स्टेटमेंट, पार्ट्सच्या डीलरची बिलं, पेट्रोलच्या पावत्या, रोख आलेल्याची वही (अर्धवट), सगळं जमिनीवर मांडून बसलो, बायको म्हणाली दिवाळीची साफसफाई काढलीय का. आकडे आले ते असे, जीएसटी वगळून आणि थोडे गोल करून.

एएमसीची (म्हणजे आगाऊ पैसे घेऊन वर्षभराच्या देखभालीचा करार) ४२० गिऱ्हाइकं, सरासरी ३,५०० रुपये, म्हणजे १४,७०,०००. रिपेअरिंगचे सुटे कॉल ११,००,०००. नवीन फिटिंग आणि पार्ट्स ५,५०,०००. एकूण ३१,२०,०००.

खर्च. फिल्टर, मेंब्रेन, पंप, गॅस मिळून सामान ९,६०,०००. तीन मेकॅनिक, प्रत्येकी महिना १८,०००, वर्षाचे ६,४८,०००. फोन घेणारी मुलगी १,४४,०००. गाळ्याचं भाडं १,४४,०००. पेट्रोल १,८०,०००. फोन, जाहिरात, सीए, चहापाणी ८४,०००. झाले २१,६०,०००.

उरले ९,६०,०००. इथं मी एकदम खूश, महिना ऐंशी हजार, वाईट नाही. मग सीएनं विचारलं, "आणि तुमचा पगार?" म्हणलं माझा कसला पगार, मी मालक. तो म्हणाला, तुम्ही सकाळी कॉल वाटता, अवघड पीसीबी (मशीनचा सर्किट बोर्ड) तुम्ही बघता, सोसायटीच्या सेक्रेटरीशी तुम्ही बोलता, वसुली तुमची, हे सगळं करायला माणूस ठेवला तर किती घेईल? ३५,००० तरी. वर्षाचे ४,२०,०००. म्हणजे धंद्याचा नफा ५,४०,०००, बाकीचे मी मजुरी केली त्याचे.

नवीन लोकांनी इथंच जास्त वेळ घालवा. बायको फोन घेते, भाऊ गाडी चालवतो, गाळा वडिलांचा आहे म्हणून भाडं नाही, हे सगळं फुकट धरून नफा काढला तर तो आकडा घेणाऱ्याच्या काही कामाचा नाही, त्याला ना तुमची बायको मिळणार ना तुमच्या वडिलांचा गाळा. प्रत्येकाला बाजारातल्या दरानं पगार लावा, गाळ्याला भाडं लावा, मग बघा. उलटं पण करा, धंद्याच्या खात्यातून भरलेला घरचा किराणा, पोराचा मोबाइल, गावाकडच्या लग्नाचा आहेर, हे खर्चातून बाहेर काढा.

पायरी २. परत येणारा पैसा किती, ते मोजा

३१ लाखातला कुठला पैसा पुढच्या वर्षी परत येणार? एएमसीचा येण्याची शक्यता जास्त. रिपेअरिंगचा थोडाफार. नवीन फिटिंगचा तर नशिबावर, शेजारी नवीन बिल्डिंग उभी राहिली तर येतो. म्हणून सारखाच नफा असलेल्या दोन धंद्यांत ज्याच्याकडं एएमसी जास्त त्याला भाव जास्त, हे साधं आहे.

पण ४२० एएमसी असं नुसतं सांगून भागत नाही, त्यातले रिन्यू किती होतात ते सांगा. काढायची पद्धत सोपी. मागच्या एप्रिलमध्ये ज्यांची एएमसी संपली त्यांची नावं लिहा आणि पुढं बघा किती जणांनी परत पैसे भरले. माझे ४८ संपले होते, ३१ परत आले, म्हणजे शंभरात पासष्ट. हा आकडा बघून मला घाम फुटला, कारण याचा अर्थ ४२० मधले दीडशेच्या आसपास दरवर्षी गळत होते आणि तेवढे नवीन आणले तरच मी जागेवर राहणार होतो, म्हणजे अख्खं वर्ष पळायचं आणि तिथंच. हेच प्रमाण ऐंशीवर गेलं तर ८४ नवीन आणले की झालं.

लोक सोडून का जातात हे फोन करून विचारलं. दर महाग म्हणणारे फार कमी निघाले. बहुतेकांचं म्हणणं, अहो तुमची तारीख कधी संपली आम्हाला कळलंच नाही, मधे फिल्टर काळा पडला, खालच्या दुकानातल्या पोराला बोलावलं, आता तोच येतो. आमच्या भागात पिंपळे सौदागर, रहाटणीकडं टँकरच्या पाण्यावर कितीतरी सोसायट्या आहेत, त्या पाण्याला टीडीएस (विरघळलेले क्षार) कधी कधी हजाराच्या वर दाखवतो, तिथं स्पन फिल्टर दोन महिन्यांत चिखल होतो आणि मी सगळ्यांना सारखाच सहा महिन्यांचा हिशोब लावून बसलो होतो.

मग काय केलं ते सांगतो. मशीनवर तारखेचं स्टिकर. एएमसी संपायच्या महिनाभर आधी व्हॉट्सॲप आणि आठवडाभर आधी फोन. टँकरवाल्या सोसायट्यांचा प्लॅन वेगळा, दर थोडा जास्त पण फेऱ्या चार. दीड वर्षानं परत एका महिन्याची यादी मोजली तर शंभरात अठ्ठ्याहत्तर.

पायरी ३. एएमसीचा आगाऊ पैसा तुमचा नाही अजून

हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. गिऱ्हाईक ३,५०० आज देतं, सर्व्हिस वर्षभर द्यायचीय. म्हणजे पैसे आले तो दिवस कमाईचा नाही, डोक्यावर काम घेतल्याचा आहे. समजा प्रत्येक एएमसीमागं वर्षाचं सामान सरासरी १,२०० रुपयांचं जातं आणि सगळ्यांच्या तारखा वर्षभर पसरलेल्या आहेत, तर कुठल्याही दिवशी साधारण निम्मं काम द्यायचं बाकी असतं. ४२० गुणिले ६००, म्हणजे २,५२,००० रुपयांचं नुसतं सामान, पोरांची मजुरी वेगळी. घेणारा शहाणा असेल तर हे किमतीतून कापतो आणि ते बरोबरच आहे, कारण पैसे तुम्ही खाल्ले आणि फिल्टर तो बदलणार.

एसीवाल्यांनी तर जास्त सांभाळा. आपल्या एएमसी मार्च-एप्रिलमध्ये धडाधड होतात, खात्यात पैसा दिसतो, मे महिन्यात वाटतं आपण राजा. प्रत्यक्षात तेव्हा देणं सगळ्यात जास्त असतं. मी एका वर्षी त्याच पैशातून सेकंडहँड व्हॅन घेतली आणि ऑक्टोबरला दुसऱ्या सर्व्हिसची वेळ आली तेव्हा डीलरकडं उधारीवर केमिकल आणलं. आता वेगळं खातं आहे, एएमसीचा चेक आला की तिसरा हिस्सा तिकडं जातो आणि फेरी झाल्यावरच सामानापुरता काढायचा.

पायरी ४. आता किंमत

छोट्या सर्व्हिसच्या धंद्यात सौदा बहुतेक वेळा "किती वर्षांचा नफा" या भाषेत होतो. आमच्या लायनीत माझ्या बघण्यातले सौदे दीड ते अडीच वर्षांच्या नफ्यावर झाले, तीनला गेलेला एकच, त्याच्याकडं जवळजवळ सगळा धंदा सोसायट्या आणि ऑफिसांच्या लेखी करारावर होता. हा काही नियम नाही, तुमच्या गावात, तुमच्या लायनीत वेगळं असू शकतं, दोन-चार जणांना विचारा.

माझा हिशोब: मी डोक्यात धरलेले ९,६०,००० च्या दुप्पट, एकोणीस-वीस लाख (योगायोगानं तेवढेच!). घेणाऱ्याचा हिशोब: ५,४०,००० च्या दुप्पट १०,८०,०००, त्यातून एएमसीचं देणं २,५२,००० वजा, राहिले ८,२८,०००, वर जेट पंप, व्हॅक्यूम पंप, गेज, शिल्लक पार्ट्स यांचे जे काय जुन्या भावानं होतील ते. वीस आणि सव्वाआठ. मधला बहुतेक फरक म्हणजे मी स्वतः, आणि मी तर विकायला नव्हतो.

पायरी ५. किंमत वाढवायची कशी

आधी यादी. दुसरं काही नाही केलं तरी हे करा. एक्सेल शीट पुरेसं आहे, महागडं सॉफ्टवेअर नको. नाव, पूर्ण पत्ता, नंबर, मशीनचं मॉडेल, कधी बसवलं, शेवटची सर्व्हिस कधी, काय बदललं, किती पैसे, कसे दिले, एएमसी कधी संपते. एसी असेल तर गॅस कुठला, आर २२, आर ३२ की आर ४१०ए, हे पण लिहा, नाहीतर मेकॅनिक चौथ्या मजल्यावर चढतो आणि परत सिलिंडर आणायला खाली येतो. "निळी बिल्डिंग" वाल्या काकूंचं पूर्ण नाव विचारायला मला दोन वर्षांनी फोन करावा लागला, त्या म्हणाल्या इतकी वर्षं येताय आणि नाव माहीत नाही? लाज वाटली. आणि एक, लोकांचे नंबर-पत्ते म्हणजे त्यांनी विश्वासानं दिलेली गोष्ट, शीट सगळ्या पोरांच्या मोबाइलवर फिरू देऊ नका.

मग पोरं. इथं मी चटका खाल्लाय. माझा सगळ्यात जुना मेकॅनिक, हाताला चांगला, बोलायला गोड, गिऱ्हाइकं थेट त्यालाच फोन करायची आणि मला वाटायचं बरंय, माझी कटकट वाचते. एका गणपतीनंतर तो आलाच नाही, दोन गल्ल्या सोडून स्वतःचं बोर्ड लावलं, महिन्याभरात माझे साठेक जण तिकडं. त्याला शिव्या घालून काय होणार, नंबर त्याच्या हातात मीच दिला होता. आता कॉल फक्त ऑफिसच्या नंबरवर येतो, जॉबकार्डवर तोच नंबर, पैसे ऑफिसच्या क्यूआरवर. प्रत्येक गिऱ्हाइकाकडं आलटून पालटून दोन जण जातात. पण नुसता चाप लावून माणूस टिकत नाही हो, म्हणून एएमसी रिन्यू झाली की त्या फेरीच्या पोराला १०० रुपये आणि महिन्यात रिपीट कंप्लेंट आली नाही तर वेगळा बोनस. बाहेरची कामं पूर्ण बंद झाली असं छातीठोक सांगणार नाही, कमी झाली.

तिसरं, तुम्ही स्वतः बाजूला व्हा. हे सगळ्यात अवघड. परीक्षा सोपी आहे: दहा दिवस गावाला जा आणि फोन बंद ठेवा. मी पहिल्यांदा कोकणात गेलो तर तिसऱ्या दिवशी सतरा मिस्ड कॉल, कुठला पार्ट किती किमतीला द्यायचा, अमुक गिऱ्हाईक डिस्काउंट मागतंय काय करू. आल्यावर रेटकार्ड छापलं, डिस्काउंट किती द्यायचा हक्क कुणाला ते लिहिलं, पीसीबी बिघडला तर कुणाकडं पाठवायचा ते लिहिलं. भिंतीवर चिकटवलेली ती तीन पानं दिसायला फालतू दिसतात, पण पुढच्या वर्षी सतराचे चार कॉल झाले.

अजून एक गोष्ट बघा, एकाच गिऱ्हाइकावर धंदा किती टांगलाय. माझ्या ओळखीतल्या एकाचा निम्मा धंदा एका कंपनीच्या कॅन्टीनचा होता, तिथला मॅनेजर बदलला आणि खेळ खल्लास. एका पार्टीकडून पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त यायला लागलं की बाकीकडं हातपाय मारायला सुरू करा.

दर वाढवायला घाबरू नका हे पण सांगून ठेवतो, फिल्टरचे भाव वाढतात आणि आपण २०१९ चाच दर लावून बसतो. दरवर्षी थोडा वाढवा, रिन्यूअलच्या मेसेजमध्येच लिहा, मी शंभर-दोनशे वाढवले तेव्हा हाताच्या बोटावर मोजण्याइतके कुरकुरले.

पायरी ६. कागद

यात मजा नाही पण सौदा इथंच अडकतो. छोटे लोक इन्कम टॅक्सच्या अंदाजे उत्पन्नाच्या योजनेत रिटर्न भरतात, बँकेतून आलेल्या पैशावर किमान ६ टक्के आणि रोखीवर ८ टक्के उत्पन्न दाखवायचं. नियमात स्पष्ट आहे की खरं उत्पन्न जास्त असेल तर जास्त दाखवा, पण आपण ६ वर थांबतो. ३१,२०,००० वर ते होतात १,८७,२००. आता घेणाऱ्यासमोर तुम्ही म्हणणार नऊ लाख साठ हजार कमावतो आणि कागद म्हणणार एक सत्याऐंशी, तो कुणावर विश्वास ठेवणार? विकायचं, लोन घ्यायचं मनात असेल तर दोन-तीन वर्षं आधीपासून खरं दाखवा, टॅक्स जाईल थोडा, जाऊ दे.

सर्व्हिसमध्ये वर्षाला २० लाखांच्या वर गेलात की जीएसटी लागतोच. शॉप ॲक्टला महाराष्ट्रात २०१७ च्या कायद्यानुसार माणसं थोडीच असली तर फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. उद्यमची (छोट्या धंद्यांची) नोंदणी सरकारी साइटवर फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. मोठ्या सोसायट्या बिलातून १ टक्का टीडीएस, म्हणजे आगाऊ टॅक्स, कापतात (आमच्या लायनीत टीडीएस दोन, एक पाण्याचा आणि एक पैशाचा, पोरं नेहमी घोळ घालतात), त्यावर चिडू नका, तो तुमच्या पॅनवर दिसतो म्हणजे काम खरं होतं याचा पुरावाच. नाव थोडं वेगळं असेल तर ट्रेडमार्क करून ठेवा, छोट्या धंद्याला ऑनलाइन फी एका वर्गासाठी ४,५००, रिपेअरिंग वर्ग ३७ मध्ये येतं, १० वर्षं चालतो. साई आणि ओम अशी नावं असतील तर अवघड आहे, तशी दुकानं गल्लोगल्ली.

आणि गाळा भाड्याचा असेल तर करार तुमच्या नावावर आहे, धंद्यासोबत आपोआप जात नाही. मालकाशी आधी बोला, सौदा ठरल्यावर नाही.

पायरी ७. हातात देणं

गेल्या वर्षी रहाटणीतल्या एका मित्राचा सौदा झाला तेव्हा मी मध्ये बसलो होतो, त्यातून शिकलेलं. पैसे एकदम मिळतील अशी आशा धरू नका. त्यांचं ठरलं ६० टक्के आधी आणि बाकी वर्षभरात, एएमसी ठरलेल्या संख्येपर्यंत रिन्यू झाल्या तर पूर्ण, कमी झाल्या तर त्या मानानं कमी. विकणाऱ्याला हे खटकतं, पण त्यामुळंच किंमत जरा ताणून मागता आली. पहिले तीन महिने मित्र रोज दोन तास जाणार आणि मोठ्या वीस सोसायट्यांच्या सेक्रेटरींना नव्या मालकाला घेऊन भेटणार, हे पण करारात.

घेणारा तुमच्याकडून लिहून घेईल की जवळपास हाच धंदा परत काढणार नाही. १८७२ च्या करार कायद्याचं कलम २७ एरवी धंदा करू नको अशी अट मानत नाही, पण धंद्याचं नाव म्हणजे गुडविल विकलं असेल तर वाजवी हद्दीपुरती ती अट चालते. म्हणून हद्द नीट लिहा, "पुणे जिल्हा" वर सही करू नका, चार-पाच भागांची नावं टाका. चालता धंदा पूर्णच्या पूर्ण दिला तर त्या व्यवहारावर जीएसटी माफ आहे, पण कागद तसा बनला पाहिजे, नफ्यावरचा टॅक्स वेगळा, तिथं सीएला पैसे द्या आणि डोकं लावू नका.

प्रोप्रायटरशिपमध्ये, म्हणजे एकट्याच्या नावावरच्या धंद्यात, पॅन, जीएसटी नंबर, बँक खातं काहीच हस्तांतर होत नाही, घेणारा स्वतःचं काढतो. त्याला खरोखर मिळतं ते म्हणजे यादी, पोरं, गूगलवरचं पेज रिव्ह्यूसकट (त्याचा मालक बदलता येतो, सेटिंगमध्ये आहे) आणि फोन नंबर. आणि या शेवटच्यावरच मित्राची गाडी अडली. बारा वर्षं धंद्याचा नंबर तोच त्याचा घरचा नंबर, त्याच्यावर आधार, दोन बँका, यूपीआय, गॅस सिलिंडरचं बुकिंग, पोरीच्या शाळेचा ग्रुप. सगळं एकेक करून दुसऱ्या नंबरवर न्यायला दोन महिने गेले, तोवर नवीन मालकाचे कॉल याच्याकडं आणि याचे ओटीपी त्याच्याकडं. तुम्ही आत्ता सुरू करताय ना, मग धंद्याचं सिम वेगळं घ्या, बोर्डवर आणि स्टिकरवर तोच नंबर छापा, आणि शाळेच्या ग्रुपला चुकूनही देऊ नका.